शेजारची सीट

देवळाली कॅम्पात माझ्या बसस्टॉपसमोर एक रिटायर्ड फौजी ड्रायव्हर राहायचे. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप त्यांनी घेतली होती. नव्वदच्या दशकात मी रोज त्यांना अंगणात तिचा गंज खरवडताना बघायचो. एका सकाळी इंजिन सुरू झालं. त्यांनी हात पुसले, कॉलर नीट केली आणि ते जीपमध्ये बसले. पण स्टिअरिंगसमोर नाही, शेजारच्या सीटवर.

"बाबा, चालवत नाही?"

"जन्मभर सायबांना फिरवलं. आता एकदा हितं बसून त्र्यंबकला जायचं हाय. तुला येते का गाडी?"

मी नाही म्हटलं. ते हसले आणि इंजिन चालू ठेवून तसेच बसून राहिले.

आता मला येते. त्या अंगणाच्या जागी दुकानं झालीत. तरी तिथून जाताना मी वेग कमी करतो आणि शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मागे टाकतो.