डावीकडे वळण्याआधी

सेलू स्टेशनवर गाडी वेळेत पोहोचली, म्हणजे तासाभराच्या उशिराने. नाशिकहून निघताना पत्नीने, शोभाने, एकच काम सांगितले होते : "मुंजाची गाडी तुरीच्या शेतात का गेली ते विचारून या. मला तो फोनवर खरं सांगत नाही." मुंजाजी हा तिचा धाकटा भाऊ. वालूरला शेती करतो आणि दोन वर्षांपासून मालवाहू पिकअप चालवतो.

तो पिकअप घेऊनच स्टेशनबाहेर उभा होता. "या दाजी, आक्का न्हाई आली?" म्हणत त्याने पिशवी मागे टाकली. दिवाळी आठवड्यावर आली होती. सोयाबीन निघून रान मोकळे झालेले, कापूस फुटलेला, आणि मधल्या पट्ट्यांत तूर फुलावर. काळ्या मातीवर पिवळी तूर मी यापूर्वी रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिली होती. मी रानाचे कौतुक करत होतो, तेवढ्यात वालूरचा फाटा आला.

वळणाच्या बरेच आधी मुंजाजीने वेग कमी केला. मग दोन्ही हातांनी स्टेअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, पुन्हा डावीकडे असे हलवले. जात्याचा खुंटा नीट बसला का हे बाई जशी चाचपून बघते, तसे. त्यानंतरच गाडी वळवली. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा तेच. उजवीकडे वळताना मात्र काही नाही.

घरी धपाटे, दही आणि येसर (भाजलेल्या धान्यांचा आणि मसाल्यांचा दळलेला पिठूळ मसाला) घातलेली झणझणीत आमटी होती. दुसरे धपाटे घेता घेता मी विचारले, "शेतात कशी गेली रे गाडी?"

"कशी म्हंजी? रस्ता डावीकडं वळला, गाडी न्हाई वळली."

"आणि तू ते स्टेअरिंग हलवतोस ते?"

"ती खोड हाय तिची," तो हसून म्हणाला. "बैलाला असती न्हाई का, तशी. डावीकडं वळायच्या आदी हलवून घ्यायचं, मंग वळती. त्या दिशी पोत्यांवर पोरं बसली हुती, त्यांच्याशी बोलायच्या नादात हलवायचं राहिलं. गाडीची काय चूक?"

"पोरांना कुणाला लागलं?"

"न्हाई. तुरीनं झेललं."

माझा घास हातातच राहिला. तो मात्र शांतपणे जेवत होता. आपल्या जनावराची खोड चारचौघांत सांगायची नाही, विकताना मात्र दोर हातात देऊन खरे सांगायचे, अशी या भागातली रीत आहे, हे त्याने मला नंतर समजावले. गाडीच्या बाबतीतही तो तीच पाळत होता.

परवा त्याला राणीसावरगावहून ऊसतोडीची एक टोळी घेऊन पश्चिमेकडच्या साखर कारखान्यावर जायचे होते. अकरा माणसे. मुकादमाला त्याने शब्द दिला होता. "मीही येतो," मी म्हणालो. त्याला वाटले मला गंगाखेडची गोदावरी बघायची आहे. माझ्या डोक्यातून ते डावे वळण जात नव्हते.

सकाळी आम्ही मानवतला थांबलो. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि कापसाचे तंतू भज्यांच्या कढईपर्यंत उडत होते. तिथे मुंजाजीचा मित्र बाळासाहेब भेटला. त्याचीही पिकअप त्याच कंपनीची, त्याच बनावटीची. दोघांनी एकाच महिन्यात घेतलेली. "दाजी आले अन् हॉटेलात चहा? आपल्यात न्हाई असं," म्हणत त्याने मला आपल्या गाडीत बसवले. मुंजाजी मागे पोत्यांच्या बारदानावर बसला.

त्याच्या घराची गल्ली डावीकडे होती. गल्लीच्या अलीकडे बाळासाहेबाने वेग कमी केला आणि स्टेअरिंग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे हलवले.

"हे काय केलंत?"

"काय? हां, हे व्हय. खोड हाय गाडीची. माझ्याबिगर कुणाच्या हातानं वळतच न्हाई ती." स्वरात चक्क अभिमान होता. "भावाला दिली हुती एकदा, नालीत घातली त्यानं."

घरापुढे उतरल्यावर मी मुंजाजीला म्हणालो, "बाळासाहेबांना तुझ्या गाडीची खोड सांग." तो कचरत बोलला. ऐकून बाळासाहेब आधी मोठ्याने हसला. "आयला, माझी विद्या चोरली व्हय रे!" मग हसणे हळूहळू थांबले. दोघे एकमेकांच्या हातांकडे बघत राहिले.

"बैलांत असं कधी पाहिलंय?" मी विचारले. "दोन दावणींचे दोन बैल, आणि खोड एकच?"

चहा आला, त्यावर साय धरली.

बाळासाहेब एकदा गाडीची तक्रार घेऊन कंपनीच्या विक्रीकेंद्रात गेला होता. तिथे पहिलाच प्रश्न आला, माल किती होता. माल जास्तच होता, कुणाचा नसतो? तो मुकाट्याने परत आला. मुंजाजी गेलाच नव्हता, कारण पोत्यांवर माणसे बसवलेली. चूक आपलीच, असे दोघेही दोन वर्षे धरून चालले होते. तक्रार करायची म्हणजे आधी आपला गुन्हा सांगायचा, म्हणून सगळे गप्प.

निघताना बाळासाहेब म्हणाला, "राणीसावरगावला जायलाव तर वामनरावाकडं जाऊन या. त्याची बी हीच गाडी. दोन महिने झाले, दारात उभी हाय म्हणत्यात."

परभणी मागे पडली. गंगाखेडच्या पुलावरून मुंजाजीने गोदावरी दाखवली. घाट, न्हाणारी माणसे, पाण्यावरचे ऊन. मी 'छान आहे' म्हणालो. खरे सांगायचे तर मी नदी नीट पाहिलीच नाही. पुलानंतरचा रस्ता कुठे वळतो ते बघत होतो.

"दाजी, तुमी उगी घाबरायलाव," मुंजाजी म्हणाला. "आता मागं काय हाय? काहीच न्हाई. रिकाम्या गाडीला काय होतंय?"

राणीसावरगावात वामनरावांचे घर विचारावे लागले नाही. अंगणात पिकअप उभी होती आणि तिचे पुढचे डावे चाक बाहेरच्या बाजूला आडवे पडले होते, मोडलेल्या पायासारखे. त्याच्या सावलीत कोंबडी पिल्ले घेऊन बसली होती. मुंजाजी खाली उतरला, गाडीपर्यंत गेला, पण तिला हात लावला नाही.

ओसरीवर बाजेवर वामनराव पडले होते. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. त्यांच्या पत्नी कलावतीबाई तूरडाळ निवडत होत्या. आम्ही कोण ते सांगितले.

"किती माल होता, ताई?" मी विचारले. आपण तोच प्रश्न विचारतो आहोत हे तोंडातून निघून गेल्यावर कळले.

त्यांनी सूप खाली ठेवले. "समदे हेच इचारत्यात. रिकामी हुती, भाऊ. बाजारातनं माल टाकून घराकडं येत हुते. मागं पाण्याचा ड्रम बी न्हवता. कुणाला पटत न्हाई. म्हणत्यात, पेले असतील. ह्यांनी उभ्या जन्मात चहाबिगर काही पेलं न्हाई."

मुंजाजी माझ्याकडे बघेना. तो बाजेजवळ जाऊन उकिडवा बसला. "मामा, डावीकडं वळायच्या आदी तुमी काही..."

त्याचे वाक्य पुरे झाले नाही. पडल्या पडल्या वामनरावांनी दोन्ही हात वर केले, छताकडे, आणि नसलेले स्टेअरिंग हलवले. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

"त्या दिशी बी हलवलं हुतं," ते म्हणाले.

मी बरीच वर्षे हिशेबाची नोकरी केली आहे. एक आकडा चुकला तर माणसाची चूक म्हणतो, तीन ठिकाणी तोच आकडा तसाच चुकला तर छापाच चुकीचा म्हणतो. पण कागदावर चूक सापडली की बरे वाटते. इथे तसे वाटले नाही. या तीन माणसांचे एकमेकांशी नाते नव्हते, गावे निराळी होती, आणि तिघांचे हात एका शाळेत शिकल्यासारखे हलत होते.

मुक्काम त्यांच्याच ओसरीवर केला. मुंजाजी जेवला नाही.

सकाळी टोळी चावडीपाशी जमली होती. तीन कोयते (ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात), एक म्हातारी आणि चार मुले. भांड्यांची गाठोडी, ताडपत्री, जळणाची मोळी, डालग्यात कोंबड्या. मुले आधीच मागच्या फळीला लोंबकळत होती.

मुंजाजीने त्यांना खाली उतरवले. "मी नेत न्हाई," तो मुकादमाला म्हणाला. "गाडी खराब हाय."

"काल चांगली हुती, आज खराब झाली? भाडं कमी पडलं का सरळ सांग."

गयाबाई नावाची एक बाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "काय रं भाऊ, गाडीला नजर लागली का तुला? आमी घरांला कुलपं लावून बसलोत."

"आक्का, लेकरं हायत मागं."

"मंग? लेकरं काय पुढल्या मोटारीनं येणार हायत?"

लोक हसले. मुकादमाने तोवर फोन लावला होता. थोड्या वेळाने दुसरी पिकअप गावात शिरली. कोरी, दसऱ्याचा झेंडूचा हार सुकून अजून पुढे लटकलेला. देवळापाशी तिला डावीकडे वळायचे होते. ती हळू झाली. काचेतून चालकाचे हात दिसले.

डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

मुंजाजीच्या तोंडून शिवी गेली. त्याने आपल्या गाडीतला जॅक काढला आणि आधी स्वतःचेच पुढचे चाक उचलले. वरखाली धरून हलवले. मी बोट लावून पाहिले, चाक दीड बोट डुलत होते. "आक्का, तुमी हलवून बघा."

गयाबाईने पदर खोचला आणि चाक धरून हलवले. तिचा चेहरा बदलला. "आगं माय! हे पडायला आलेल्या दातावानी हलायलंय."

"ती जुनी हाय," नवा चालक म्हणाला. "माझी कोरी हाय."

"मंग लाव की हिला बी जॅक. कोरी हाय तर लाजती कामून?"

तो आधी चिडला, माझ्या गाडीला हात लावायचा नाही म्हणाला, पण गयाबाई त्याच्या दारातून हलेना. शेवटी चाक उचलले. ते अर्धे बोट हलले.

"एवढं तर चालतंय," चालक म्हणाला.

"खोड हाय का काही तिला?" मुंजाजीने विचारले.

चालकाचे लक्ष स्वतःच्या हातांकडे गेले.

मी मुकादमाला समजावले, वामनरावांच्या अंगणात चला म्हणालो. त्याचे एकच : कोयता वेळेवर पोहोचला नाही तर कारखान्यावर त्या जागी दुसरी टोळी लागेल. हे खोटे नव्हते. मुंजाजी गाडीपुढे आडवा उभा राहिला, त्याला दोघांनी धरून बाजूला केले. टोळी नव्या गाडीत चढू लागली.

गयाबाईने आपले गाठोडे खाली ओढले. नवरा, सासू आणि मुलगी तिच्या मागे उतरली. मग एक तरुण जोडपे उतरले. तिसरा कोयता चढला तो उतरला नाही. त्यातल्या बाईने तीन मुलांना केबिनच्या पाठीला टेकवून बसवले, पुढ्यात ताडपत्री लावली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "मागल्या वर्षी बी आमी उशिरा गेलो, तवा काम न्हवतं मिळालं."

अकरांपैकी सहा उतरले. पाच गेले, त्यांत तीन मुले. देवळाच्या पुढे पुन्हा डावे वळण होते, तिथे गाडी हळू झाली. आम्हाला मागून हात दिसले नाहीत, पण गाडी किंचित डुलली, आणि मग वळली.

मुंजाजीने पिकअप वामनरावांच्या गाडीशेजारी लावली आणि किल्ली कलावतीबाईंकडे दिली. उतरलेल्या सहा जणांबरोबर आम्ही एसटीने गंगाखेडला आलो. त्यांना पुढची बस मिळाली. गयाबाईच्या मुलीने खिडकीतून कोंबड्यांचे डालगे आम्हाला दाखवले.

परभणीला बाळासाहेब येऊन थांबला होता. तिघे विक्रीकेंद्रात गेलो. टेबलापलीकडच्या तरुणाने मान खाली घालूनच विचारले, "माल किती होता?"

"तीन गाड्या," मुंजाजी म्हणाला. "दोन भरलेल्या. माझ्यावर माणसं बी हुती, ते बी लिहा, लपवत न्हाई. तिसरी रिकामी. आन् तिघांची खोड एकच."

तरुणाने मान वर केली. बाळासाहेबाने हवेत हात हलवून दाखवले. तरुण हळूच म्हणाला, "काल जिंतूरचे एक जण आले होते. त्यांनीही असंच करून दाखवलं." तक्रार लिहून घेतली, वर पाठवतो म्हणाला. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हते.

परतीच्या रेल्वेत जालन्याच्या पुढे मुंजाजीचा फोन आला. "दाजी, ते पाच पोचले. मुकादम हसायलाय मला. म्हणतो, काय झालं?"

"तुझी गाडी?"

"उभीच हाय. नीट होत न्हाई तवर न्हाई काढायचो."

नाशिकला घरी आल्यावर शोभाला सगळे सांगितले. तिला भावाचा अभिमान वाटला आणि रडूही आले. तुम्हा वाचकांना प्रवासातली नदी, घाट, मोंढा नीट सांगता आला नाही, हे मला ठाऊक आहे. त्याऐवजी एवढेच सांगतो : तुमच्या गल्लीत भाजी किंवा सिलिंडर घेऊन पिकअप येते, ती वळताना एकदा चालकाच्या हातांकडे बघा.

"पण ते पाच जण पोचले ना सुखरूप?" शोभाने डोळे पुसत विचारले. "मग झालं तर."

"पोचले," मी म्हणालो. "वामनरावही रोज पोचत होते."