अण्णांनी माझ्यासमोर न सांगितलेलं दुखणं

गेल्या महिन्यातला मंगळवार. मी वाळूजला कंपनीत जेमतेम पोचले होते, तेवढ्यात खुलताबादहून आईचा फोन... "अण्णाला उठताच येईना गं." हाफ डे टाकला आणि तशीच गाडी काढून निघाले.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठावन्न, घरची शेती. त्याच्या आठ दिवस आधी अद्रकाचं पोतं उचलताना कंबरेत कळ आली होती. तेल लावलं, शेकलं, गावातच एक्स-रे काढला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. मी फोनवर विचारलं की एकच उत्तर, "काय नाय गं, जराशी लचक हाय."

आई जनावरांपायी घरी थांबली. अण्णा मागच्या सीटवर आडवे. दौलताबादच्या घाटात प्रत्येक वळणाला ते दात आवळत होते, आणि माझ्या डोक्यात नको नको ते येत होतं. पाय गेले तर? हा माणूस बसून कसा राहील?

शहरात हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. डॉक्टर वयस्कर, सावकाश बोलणारे. मी लगेच मोबाईलमधला एक्स-रे पुढे केला, त्यांनी तो नुसता पाहून बाजूला ठेवला.

मग अण्णांना झोपवून त्यांनी एकेक पाय सरळ वर उचलला. वीतभर उचलला की अण्णा कळवळत होते... आणि एका नाही, दोन्ही पायांना. अंगठा वर ओढायला सांगितला, तर डावा अंगठा हलेचना. छोट्या हातोडीने घोट्याच्या मागे ठोकून पाहिलं. पाय ढिम्म. डॉक्टरांचा चेहरा बदललेला मला दिसला.

"लघवी नीट होते ना? बसायच्या जागी बधिर वाटतं का?"

अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. "समदं बराबर हाय साहेब."

"ताई, तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबा."

खरं सांगते, मला राग आला. एवढ्या लांबून मी आणलं, आणि मलाच बाहेर? दोन मिनिटांची दहा झाली. बंद दाराकडे बघत मी नुसती उभी होते.

दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, "कालपासून त्यांना लघवी झालेली कळत नाहीये. खालची जागा बधिर आहे. मणक्यातली गादी सरकून नसांच्या जुडग्यावर दाब आलाय असं वाटतंय. एमआरआय आत्ता करू. तसंच निघालं तर ऑपरेशन आजच."

"उद्या नाही चालणार? भाऊ पुण्याहून येतोय..."

"या नसा एकदा गेल्या तर परत येतीलच असं नाही. थांबू नका."

एमआरआयमध्ये तेच निघालं. संध्याकाळी अण्णांना आत नेलं. स्ट्रेचरवरून हळूच म्हणाले, "लेकीम्होरं कसं सांगावं गं असलं..." मी त्यांचा हात धरला.

ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की लघवीचं आत्ताच सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली. सिस्टर म्हणाल्या, वाट बघू. एक तास गेला, दोन गेले... भाऊ त्यांना धरून बाथरूमला घेऊन गेला. मी कॉटजवळ, जीव मुठीत धरून.

आणि आतून अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा अण्णांचा आवाज आला, "झाली गं! समजली बी!"

मी रडले. शेजारच्या कॉटजवळ बसलेल्या मावशीही हसता हसता डोळे पुसत होत्या.

डावा अंगठा अजून पूर्ण उचलत नाही, व्यायाम चालू आहे. पण अण्णा चालतात. घरात कुणाची कंबर धरली असेल तर लघवीचं आणि बधिरपणाचं नक्की विचारा. तुमच्यासमोर बोलायला त्यांना अवघड होत असेल, तर दुसऱ्या कुणाला विचारायला लावा. त्या दिवशी मला खोलीबाहेर काढणाऱ्या डॉक्टरांचे उपकार मी कसे फेडू, खरंच कळत नाही...