फक्कीच्या रेघेआत धूर नाही

बागेत पालापाचोळा आणि किस्से, दोन्ही सारखेच. सकाळी झाडून काढावं तर संध्याकाळपर्यंत पुन्हा ढीग! इंदिरानगरच्या एका बागेत मी माळी होतो, नव्वद सालानंतरची बरीच वर्षं. मी बोलतो हळू. माझं एक वाक्य संपेपर्यंत दुसऱ्याचा किस्सा सांगून होतो आणि मंडळी हसून घरी जातात. म्हणून म्हटलं, आपण लिहूनच काढावं.

किस्से सगळे बिडी-सिगारेटचे. ओढणारे ते कडुनिंबाखालच्या बाकावरचे. बाक नेमका झोके आणि घसरगुंडीच्या समोर. नातवंडं खेळायची, आजोबा धूर काढायचे. त्या काळी कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

*

बाकावरचे मुख्य म्हणजे दामूअण्णा. मूळचे चांदवडकडचे, आयुष्य अंबडच्या एका कारखान्यात लेथवर गेलं. रिटायर झाल्यावर त्यांना दोनच गोष्टी उरल्या. बिडी आणि चिमी. चिमी म्हणजे नात, पाच वर्षांची. आईबाप दोघं नोकरीला, त्यामुळे रोज संध्याकाळी ती अण्णांचं, म्हणजे तिच्या आबांचं, बोट धरून बागेत यायची.

एक दिवस अण्णांची सून, सुनीताताई, शाळेत शिकवून थेट बागेत आल्या. बघतात तर चिमी झोक्यावर पायावर पाय टाकून बसलेली. बोटांत बिडीचं थोटूक, डोळे बारीक केलेले. शेजारच्या पोराला म्हणते कशी, "आमच्या टायमाला असं नव्हतं!"

सगळा बाक खो खो हसला. सुनीताताई हसल्या नाहीत. त्यांनी थोटूक काढून घेतलं, चिमीचं तोंड पदरानं पुसलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "आबा, पुन्हा हिच्याजवळ तुमची बिडी दिसली, तर दुसऱ्या दिवसापासून ही पाळणाघरात जाईल. तुमच्याबरोबर बागेत नाही."

अण्णांचं तोंड एवढंसं झालं. मला म्हणाले, "वरडली असती तर लय बरं झालं असतं रे."

*

मग कॉलनीतल्या बायका एक झाल्या. पोरांच्या खेळण्याजवळ ओढायचं नाही, अशी पाटी हवी म्हणून अर्ज गेला. पाटी वरून मंजूर व्हायची, म्हणजे वाट बघणं आलं. सुनीताताई म्हणाल्या, "काका, तोवर तुम्हीच एक रेघ मारा. रेघेच्या आत धूर नाही."

शेडमध्ये कबड्डीच्या सामन्यांतली, मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची पोती उरली होती. गावाकडं मैदान आखायचं काम माझ्याकडंच असायचं. हात सवयीनं चालू लागला. झोके, घसरगुंडी, बाक, सगळं आत घेऊन चारी बाजू सुरेख आखल्या. आणि सवयीनंच मधली रेघपण मारून टाकली!

संध्याकाळी बघतो तर भिकामामा मैदानात उभे, बिडी पेटलेली. भिकामामा म्हणजे गेटवर पेरूची गाडी लावणारे.

"मामा, आत कशाला आलात?"

"आत कुठं? मधी रेघ हाय ना! ती बाजू पोरांची, ही आमची."

अर्धा तास मी पायानं मधली रेघ पुसत होतो आणि मामा मला, "घास, घास, अजून दिसतीया!" म्हणत होते.

*

पोरांनी रेघ बघितली आणि बाकीचे नियम स्वतःच ठरवले. रेघेच्या आत जो धूर काढेल तो औट. औट झालेल्यानं मैदानाला लंगडी घालत एक फेरी मारायची. वय बघायचं नाही!

पहिले सापडले बँकेतले साहेब. इस्त्रीचा सफारी, हातात सिगारेट.

"औट!"

"अरे, ही बिडी नाही. फिल्टर आहे."

"औट!"

"माझा गुडघा दुखतो रे बाळांनो."

"मग रनर घ्या!" गल्लीगल्लीत क्रिकेट होतं, पोरांना सगळे नियम पाठ.

साहेबांनी मोठ्या आशेनं बायकोकडं बघितलं. बाई बागेला फेऱ्या मारत होत्या. त्या थांबल्यासुद्धा नाहीत. जाता जाता म्हणाल्या, "ओढताना रनर लागत नव्हता ना? घाला लंगडी!"

*

भिकामामांनी यावर तोड काढली. रेघेबाहेर दणकून झुरका मारायचा, बिडी दगडावर ठेवायची, तोंड मिटून आत जायचं, नातवाच्या हातात पेरू द्यायचा आणि तसंच पळत परत बाहेर. "धूर पोटात हाय, बागेत नाय!" असा त्यांचा मुद्दा.

थोडे दिवस जमलं. मग एका संध्याकाळी पोरांनी साखळी केली आणि मामांना मधोमध धरलं. कुणी पायाला, कुणी कमरेला. मामा रेघेकडं सरपटतायत, गाल फुगलेले, डोळे वटारलेले. दम काही सोडेनात. शेवटी एका पोरीनं काखेत गुदगुल्या केल्या.

फुस्स! नाकातोंडातून धूर!

"पकडला!" अख्खी बाग ओरडली. मामांचा सख्खा नातूच पायाला धरून बसलेला होता.

लंगडी घालता घालता मामा त्याच्यावर डाफरत होते, "पेरूपण मीच आणायचे आणि लंगडीपण मीच घालायची व्हय रे?"

*

दामूअण्णांचे मात्र हाल. बाक रेघेच्या आत, चिमी रेघेच्या आत. बाहेर जाऊन ओढावी तर आतून हाक यायची, "आबा, झोका द्या!" पाळणाघराची धास्ती तर डोक्यावर होतीच. बडीशेप खाऊन बघितली, लवंग चघळून बघितली. एकदा तलफ सहन होईना, तेव्हा माझ्या हातातली कुदळ हिसकली आणि गुलाबाचा अख्खा वाफा खणून काढला. घामानं निथळत परत येऊन बाकावर बसले.

मी म्हटलं, "अण्णा, तलफ आली की संकोच करू नका. अजून शेवंतीचे दोन वाफे बाकी आहेत."

मग त्यांनी न पेटवलेली बिडी कानावर ठेवायला सुरुवात केली. नुसती सोबतीला. पोरांत वाद पेटला, हे औट की नॉट औट? घसरगुंडीच्या शिडीखाली कोर्ट बसलं. न्याय द्यायला चिमीच. तिनं आबांच्या कानाकडं बराच वेळ निरखून बघितलं आणि निकाल दिला, "नॉट औट! कानाला कुठं ओढता येतं?"

अण्णांनी त्या दिवशी सगळ्या पोरांना भिकामामांचे पेरू वाटले.

*

शेवटी पाटी आली! नगरसेवक आले, हार आला, नारळ आला. पाटीला हळदकुंकू लावलं. मंडपवाल्यानं हौसेनं अगरबत्तीचा अख्खा पुडाच पेटवून नगरसेवकसाहेबांच्या हातात दिला. साहेब ओवाळायला लागले, तोच मागून आवाज आला.

"औट!"

मी फक्कीकडं बघितलं. पाटी रेघेच्या आत होती!

साहेबांचा माणूस पोरांवर धावला. "अरे, देवाची अगरबत्ती आहे ती!"

चिमी पुढं झाली. "धूर म्हणजे धूर."

सुनीताताई तिला मागं ओढायला लागल्या, पण हसू आवरेना म्हणून तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. साहेबांनी जमलेल्या बायकांकडं बघितलं. बायका भरपूर होत्या. साहेबांनी अगरबत्त्या आपल्या माणसाच्या हातात दिल्या, धोतराचा सोगा खोचला आणि हार घालूनच लंगडी सुरू केली. टाळ्या काय, शिट्ट्या काय!

माझ्या कानाशी भिकामामा म्हणाले, "इलेक्शन जवळ आलं की माणूस एका पायावर उभा ऱ्हातो, ते आज डोळ्यांनी बघितलं."

*

पुढं कायदे झाले, रंगीत पाट्या लागल्या. पण पाटीनंतरची एक संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही.

पोरांचा लपंडाव चालला होता. चिमी लांब कुठं तरी लपलीय, असं बघून दामूअण्णा हळूच उठले आणि बागेच्या टोकाला, माझ्या खताच्या खड्ड्यामागं गेले. तिथं रेघ नव्हती, पाटी नव्हती. मी जवळच शेवंती खुडत होतो. अण्णांनी मला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं आणि बिडी पेटवली. पहिला झुरका घेतात न घेतात तोच शेडमधून चिमी बाहेर आली. लपायला जागा म्हणून ती फक्कीच्या पोत्यांत शिरली होती. अंगभर पांढरी, आणि फ्रॉकच्या ओच्यात फक्की भरून घेतलेली.

अण्णांनी घाईनं बिडी खाली केली. "चिमे, तुझ्या आईला सांगू नको बाय."

"नाही सांगत," चिमी म्हणाली.

ती खाली वाकली, मुठीनं फक्की सोडत आबांच्या आणि स्वतःच्या भोवती एक गोल रेघ मारली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता इथं मैदान."

अण्णांनी रेघेकडं बघितलं, बिडीकडं बघितलं. नियम म्हणजे नियम! ते गुपचूप रेघ ओलांडून चार पावलं पलीकडं जाऊन उभे राहिले. चिमी मागोमाग गेली आणि पुन्हा गोल मारला. अण्णा जास्वंदीपाशी गेले, तिथं गोल. कारंज्याच्या कोरड्या हौदापाशी गेले, तिथं गोल. माझ्या शेवंतीवर फक्कीच फक्की! अण्णा पुढं, नात मागं, बिडी हातातल्या हातात जळत चाललेली. शेवटी कंपाउंडच्या भिंतीला अण्णांची पाठ टेकली.

"आता कुठं जाऊ गं माये?"

चिमीनं ओचा उघडून त्यांना दाखवला.

"कुठंही जा ना आबा! फक्की पुष्कळ आहे."