माझ्यामुळे झालेली निवडणूक

इंग्लंडात रीडिंग शहरात असताना आमच्या दारावरून दर दहा मिनिटांनी बस जायची. वेल्सच्या हद्दीला लागून असलेल्या एका काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, खेड्यात राहायला गेलो, तर बस आठवड्यातून एकदा, मंगळवारी. सकाळी बाजाराच्या गावाला न्यायची आणि दुपारी परत आणून सोडायची. चुकली की पुढचा मंगळवार.

दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली होती. नवऱ्याला तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. माझं सॉफ्टवेअरचं काम घरून करायला साहेबांनी कुरकुरत परवानगी दिली आणि ओढ्याकाठच्या एका दगडी घरात आम्ही बिऱ्हाड थाटलं. गाडी नवरा घेऊन जायचा. मला चालवताही येत नव्हती. त्यामुळे तिथला भूगोल मी पायांनी शिकले.

तो ओढा गावाचे दोन भाग करायचा. वरच्या अंगाला चर्च, खालच्या अंगाला पब. वरचे लोक खालच्यांना उडाणटप्पू समजायचे आणि खालचे वरच्यांना शिष्ट. रविवारी सकाळी सगळे वर असायचे आणि दुपारी सगळे खाली, पण त्याने मतं बदलत नसत. रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर वाढलेली झुडपांची कुंपणं. समोरून गाडी आली की कुणीतरी आपली मागे घ्यायची, आणि कोण कुणासाठी मागे घेतं त्यावरून कोण कुणाला मानतं ते कळायचं. पत्ता विचारावा तर 'पूर्वी पोस्ट होतं तिथून डावीकडे' असं उत्तर मिळे. पूर्वी पोस्ट कुठे होतं हे मला कुठून ठाऊक असणार! कोल्ह्याच्या शिकारीवर बंदी येणार म्हणून फाटकाफाटकांवर निषेधाचे फलक लागले होते. त्याबद्दल कुणाला काय वाटतं हे कधीही विचारायचं नाही, असं शेजारच्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं.

या बाई सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. आमची ओळख मंगळवारच्या बसमधली. पुढचं वर्षभर आम्ही एकाच बाकावर बसून बाजाराला गेलो. मग एका मंगळवारी त्यांनी सांगितलं की ही बस बंद करायचं काउंटीच्या मनात आहे. आपल्या पॅरिश कौन्सिलने जोर लावला तर ती वाचेल, पण कौन्सिलवरच्या सातही जणांकडे गाड्या आहेत. पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच, फक्त अधिकार आणखी कमी.

"मे महिन्यात एक जागा रिकामी होतेय. तू उभी राहा," त्या म्हणाल्या.

मी हसले. माझा पासपोर्ट भारतीय, म्हटलं, मला कोण उभं राहू देणार. त्यांनी शाळेत वापरत असतील तसा आवाज लावून मला समजावलं की राष्ट्रकुलातल्या माणसाला इथे मतही देता येतं आणि स्थानिक निवडणुकीला उभंही राहता येतं. त्यांनी कायदा वाचून ठेवला होता. फॉर्म पिशवीत होता. सूचक म्हणून त्यांची सही आधीच झालेली होती.

शिवाय निवडणूक अशी होतच नाही, असंही त्यांनी सांगितलं. सात जागा, सात अर्ज, सगळे बिनविरोध. गावात शेवटचं मतदान कधी झालं होतं ते त्यांनाही आठवत नव्हतं. म्हणून मी सही केली. नवऱ्याने विचारलं, "तू पुण्यात कधी सोसायटीच्या मीटिंगला तरी गेली होतीस का?" नव्हते गेले.

रिकामी होणारी जागा टेकडीवरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन वर्षांपूर्वी लाळ्या खुरकुताची साथ आली तेव्हा त्यांच्या सगळ्या मेंढ्या मारून टाकाव्या लागल्या होत्या. त्यानंतर ते फारसे खाली उतरत नसत. आपण आता कौन्सिल सोडणार, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं.

पण आपल्या खुर्चीवर कुणी बसणार आहे हे कानावर पडताच त्यांनी विचार बदलला. शेवटच्या दिवशी त्यांचाही अर्ज आला. सात जागा, आठ उमेदवार. गावाला निवडणूक घ्यावी लागली, तीही माझ्यामुळे.

मी शरमेने अर्धी झाले. अर्ज मागे घ्यायलाही उशीर झाला होता. शेजारच्या बाई मात्र खुशीत होत्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "दोन वर्षांत पहिल्यांदा तो इस्त्रीचा शर्ट घालून खाली आला."

मग मी प्रचार केला. म्हणजे छत्री घेऊन घरोघर गेले आणि बसबद्दल बोलले. लोक बसबद्दल ऐकून घेत आणि हवेबद्दल बोलत. एका घरात मला सफरचंदाची घरगुती दारू पाजली, त्यानंतरच्या दोन घरांत मी काय बोलले ते मला आठवत नाही. एका आजींनी मला चर्चच्या नव्या पाद्रींनी पाठवलंय असं समजून वर्गणी देऊ केली. वाटेत शेतकरीबुवा दोनदा भेटले. तेही प्रचाराला निघालेले. पहिल्यांदा त्यांनी नुसती टोपी उचलली. दुसऱ्यांदा पुढच्या घरचा कुत्रा चावरा आहे, मागच्या दाराने जा, असं सांगितलं. मी मागच्या दाराने गेले. कुत्रा खरोखर पुढे होता.

मतदान गावाच्या हॉलमध्ये होतं. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुल्या मारायच्या, सातपर्यंत. मी कागद समोर धरून उभी राहिले आणि माझ्यातली सदाशिव पेठ जागी झाली. स्वतःच्याच नावापुढे फुली मारायची? हे बरं दिसतं का? तिथे बघायला कुणीही नव्हतं, तरी मला ते बरं दिसेना. मी बाकीच्या सातजणांना मतं दिली आणि घरी येऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. मी आठवी. शेतकरीबुवा सातवे. फरक एका मताचा.

मी स्वतःला मत दिलं नाही हे नवऱ्याला सांगायची हिंमत व्हायला मला दोन दिवस लागले. मग त्याने कबूल केलं की हॉस्पिटलात अडकल्यामुळे मतदान संपायच्या आत तो पोचलाच नव्हता. हे सांगायची हिंमत तोही दोन दिवस गोळा करत होता.

त्या शनिवारी शेतकरीबुवा दारात उभे, हातात अंडी. मी त्यांना आत बोलावलं, आलं घातलेला चहा दिला. तो त्यांनी औषधासारखा पण शेवटपर्यंत घेतला. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की माझं मत मी त्यांना दिलं होतं, स्वतःला नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. "मी माझं मलाच दिलं," ते म्हणाले. "नाहीतर उभं कशाला राहायचं?"

मग त्यांनी बसचे कागद मागितले. मी वर्षभरातल्या मंगळवारांची यादी केली होती, कोण कशासाठी जातं याची: दवाखाना, पेन्शन, बहिणीची भेट. ती घेऊन ते काउंटीच्या बैठकीला गेले. जन्मात बसमध्ये न बसलेला हा माणूस तिथे असा काही बोलला, की शेजारच्या बाई पुढे महिनाभर त्याचीच वाक्यं मला ऐकवत होत्या. बस वाचली. मात्र काउंटीने स्वतःचा मान राखण्यासाठी काहीतरी बदलायचं म्हणून ती गुरुवारी केली. बाजार मंगळवारचाच राहिला.

सगळ्यांनी गुरुवारी जायला सुरुवात केली. बाजाराविना मोकळ्या पडलेल्या त्या गावात आम्ही दवाखाना उरकायचो आणि चहाच्या दुकानात बसायचो. पुढच्या वसंतात शेतकरीबुवांनी थोड्या मेंढ्या आणल्या, आणि त्यांच्या मागे धावायचं म्हणून कौन्सिलचा राजीनामा दिला. उरलेल्या सहाजणांनी हात वर करून मला घेतलं. पहिल्या बैठकीत कुत्र्यांच्या घाणीचा डबा ओढ्याच्या वरच्या अंगाला ठेवायचा की खालच्या, यावर दोन तास चर्चा झाली. मी आम्हा खालच्यांची बाजू घेऊन बोलले: डबा वरच ठेवा.