सीट घालवणारी

आमच्या वॉर्डात निवडणूक लागली की मी अभ्यासाचं निमित्त काढून बुलडाण्याला मैत्रिणीकडे जाऊन राहायचे. प्रचाराचे भोंगे सुरू झाले की कोणाला तरी माझी आठवण यायचीच. पानठेल्यावरचा एखादा म्हातारा शेजारच्याला कोपर मारून म्हणायचा, "हेच थे पोरगी. मायची सीट घालवली इनं." मग दोघंही हसायचे. वाईट बुद्धीनं नव्हे. लहान गावात करमणूक कमी असते आणि मी त्यांची फुकटची करमणूक होते.

आई आमच्या नगरपरिषदेत नगरसेविका होती. मला दोन मोठ्या बहिणी. तिसरं मूल झालं की नगरसेवकपद जातं, असा आपल्याकडे कायदा, आणि तिसरं मूल म्हणजे मी. घरात मुलगा हवा होता. नेमका कोणाला हवा होता हे आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. झाले मी. म्हणजे मुलगाही नाही आणि सीटही नाही. एवढा दुहेरी तोटा करणारं बाळ आमच्या तालुक्यात दुसरं झालं नसावं.

सीट वाचवायची म्हणून घरच्यांनी एक शक्कल लढवली होती. पोट दिसायला लागल्यावर आई तब्येतीचं कारण सांगून उंद्रीला तिच्या बहिणीकडे गेली. मावशीला मूलबाळ नव्हतं. मी तिथेच जन्मले, मावशीच्या नावावर लागले आणि तिच्याच घरी राहिले. आई परत येऊन सभांना बसायला लागली. गावाला सगळं ठाऊक होतं, पण बोलायचं नाही असं ठरल्यासारखं होतं. आईकडून हरलेल्या एका गृहस्थानं मात्र ते ठरवलेलं पाळलं नाही. त्यानं तक्रार केली आणि बुलडाण्याला कलेक्टरसाहेबांपुढे सुनावणी लागली.

पुढचा भाग गावात साभिनय सांगितला जातो. मावशी मला कडेवर घेऊन साहेबांसमोर उभी. पोरगी माझीच, असं ती सांगणार, तेवढ्यात मी समोर बसलेल्या आईला पाहिलं, "आई" म्हणून ओरडले, मावशीच्या कडेवरून खाली उतरले आणि दुडूदुडू धावत जाऊन आईच्या पायाला मिठी मारली. इथे सांगणारा दोन्ही हात पसरून स्वतः दोन पावलं दुडूदुडू चालून दाखवतो. साहेब हसले, वकिलानं कपाळावर हात मारला, सीट रिकामी झाली.

आई मला उंद्रीहून घरी घेऊन आली. पोटनिवडणूक झाली आणि ती जागा आमच्या समोर राहणाऱ्या खालांनी भरली. त्यांच्या घरी बांगड्यांचा धंदा. त्या निवडून आल्या आणि पुढेही येत राहिल्या. दर ईदेला त्या मला बोलावून हातभर बांगड्या चढवायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "हे माही लकी पोरगी हाय. इच्यामुळंच तं मी मेंबर झाली." खालांचा जीव फार होता माझ्यावर. पण त्या बांगड्या घालून रस्ता ओलांडून घरी येणं मला नको व्हायचं. दारात आई असायची. ती बांगड्या बघायची, "छान हायेत" म्हणायची आणि आत जायची. मी न्हाणीत जाऊन त्या उतरवून ठेवायचे.

शाळेत छोट्या कुटुंबाचा धडा आला तेव्हा सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. बाईंना हसू आवरेना. मी पण हसले. हसण्यात मी तेव्हापासून तरबेज आहे. लग्नाकार्यात जेवणं उरकल्यावर कोणीतरी तो किस्सा काढायचंच, आणि मी सगळ्यांच्या आधी दात काढायचे, म्हणजे लागलेलं दिसत नाही. मावशीही त्या घोळक्यात असायची. ती तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. आई तेवढ्यात उठून काहीतरी बघायला आत जायची, आणि ती उठली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कारण आई चांगली नगरसेविका होती. हे मी लेक म्हणून सांगत नाही, तिच्या विरोधातली माणसंही सांगतात. नळाला पाणी आलं की ती वॉर्डाच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जायची आणि तिथला हंडा भरेपर्यंत हलायची नाही. पाणी सोडणारा माणूस तिला टरकून असायचा. ते सगळं गेलं. नंतर ती कधी कुठल्या सभेला गेली नाही, कोणाच्या प्रचाराला गेली नाही. आणि हे माझ्यामुळे, असं मी धरून चालले होते. मी आईकडे कधी हट्ट केला नाही. नवा ड्रेस मागितला नाही, सहलीला पैसे मागितले नाहीत. जिचं एवढं मोठं नुकसान केलं तिच्याकडे आणखी काय मागायचं? बहिणी भांडणात "तुह्याचमुळं झालं सगळं" म्हणायच्या, तेव्हा मी उलटून बोलायचे नाही. एरवी माझी जीभ कोणाचं ऐकत नाही.

गेल्या साली खाला आजारी पडल्या आणि गेल्या. त्यांची मुदत अजून संपायची होती, म्हणून जागा पुन्हा रिकामी झाली. पुन्हा पोटनिवडणूक, आणि वॉर्ड बाईसाठीच राखीव.

खालांचा मुलगा वॉर्डातली दोन-चार माणसं घेऊन आमच्याकडे आला. चहा झाला. तो म्हणाला, "आमच्या घरातून आता कोनी उभं राह्यत नाही. अम्मी नेहमी म्हने, हे जागा तुमच्या घरची हाय. ताईले तं कायदा आडवा येते. पन हिले कोन्ता कायदा आडवा येते?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं. सगळे खोखो हसायला लागले. तिसऱ्या लेकराच्या आईला बंदी असते, तिसऱ्या लेकराला नसते. माझं वय बसत होतं. लग्न झालेलं नव्हतं.

मी लगेच हो म्हटलं. वडिलांकडे बघितलं नाही, विचार केला नाही. समाजसेवा वगैरे माझ्या मनात काही नव्हतं. एवढंच होतं की घालवलेली वस्तू परत आणून आईच्या हातात ठेवायची. नाव माझं राहील, कारभार ती करील, पुन्हा शेवटच्या हंड्यापर्यंत चालत जाईल. आणि मग मला तिच्यासमोर मान वर करून बसता येईल.

माणसं गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई तुरीची डाळ निवडत बसली होती. मी म्हटलं, "आई, तुही सीट वापस आनतो मी."

तिनं वर न बघता विचारलं, "माही कोन्ती?"

"मी घालवली थे."

डाळीतला तिचा हात थांबला. तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुनं नाही घालवली वं."

मला वाटलं, समजूत काढतेय. मी म्हटलं, "सारं गाव सांगते."

"गाव होतं का तिथं?" ती म्हणाली. "तू माह्याकडं नाही आली. म्या हात पुढं केला तं तू तोंड फिरवलं. मावशीच्या गळ्याले बिलगली अन् तिले आई, आई करून राह्यली. साहेबानं पाह्यलं, वकिलानं पाह्यलं. जिकलो होतो आपन. वकील माह्याकडं पाहून हसला."

"मंग?"

"मंग काय. म्याच उभी राह्यली. म्हटलं, साहेब, हे माही पोरगी हाय."

ती परत डाळ निवडायला लागली. खडा नसतानाही बोटं फिरवत राहिली. मग पुढचंही तिनंच सांगितलं. त्या दिवशी ऑफिसच्या बाहेर पक्षाची माणसं वाट बघत उभी होती. हातातली सीट बाईनं स्वतःच्या तोंडानं सोडली हे कळलं असतं तर त्यांनी तिला फाडून खाल्लं असतं. वडिलांनी दारातच सांगून टाकलं, की पोरगीच 'आई' म्हणत धावली, आता काय करता? लहान लेकरावर कोण रागावणार? सगळे हसले. किस्सा तिथेच तयार झाला आणि आमच्या आधी गावात पोचला.

"इतके वर्सं काऊन नाही सांगतलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"काय सांगू?" ती म्हणाली. "माह्या पोटच्या पोरीनं मले वयखलं नाही, हे सांगत फिरू? खुर्चीसाठी देल्ली होती तुले. तुनं बराबरच केलं." मग म्हणाली, "तुले उभं राहाचं असन तं राह्य. माह्यासाठी नको."

मला राग आला होता आणि राग आल्याची लाज वाटत होती. इतकी वर्षं मी तिच्यासमोर चोरासारखी वावरले, आणि ती माझ्यासमोर. एका घरात, एका ताटात जेवत. रागाच्या भरात मी एवढंच म्हणाले, की एकदा तरी लोकांना खरं सांग, मला हसतात ते.

ते मी म्हणायला नको होतं.

अर्ज भरायच्या दिवशी बरीच माणसं जमली. मावशी उंद्रीहून पहिल्या एसटीनं पेढे घेऊन आली होती, नवं लुगडं नेसून. खालांचा मुलगा सूचक. निवडणुकीचे साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले, तरुण. ते कागद बघत असताना आमच्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याला राहवलं नाही. "साहेब, हे पोरगी कोन हाय मालूम हाय का?" म्हणत त्यानं किस्सा सुरू केला. हात पसरले, दुडूदुडू चालून दाखवलं. साहेब हसले, टेबलावरचा कारकून हसला. मावशी माझ्या शेजारीच उभी होती, पेढ्यांचा पुडा छातीशी धरून. ती नेहमीसारखी सगळ्यांच्या वरताण हसत होती. या वेळी मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. तिचं फक्त तोंड हसत होतं.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. सभेत बोलायची तसा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"तसं नोयतं, साहेब. पोरगी माह्याकडं आली नाही. तिनं हिले आई म्हटलं." आणि तिनं मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. "इचीच होती थे. म्याच हिसकून आनली."

कोणी हसलं नाही. कार्यकर्त्याचे पसरलेले हात खाली आले. मावशी "जाऊ दे न वं बाई, कायले काहाडते" म्हणाली आणि पदरात तोंड घालून तिथेच खाली बसली. पेढ्यांचा पुडा तिच्या मांडीवर उलटा झाला. आई ताठ उभी होती.

गावानं मला माफ करावं, असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. त्या खोलीत ते झालं. आता कोणी पानठेल्यावर माझ्याकडे बोट दाखवणार नव्हतं. साहेबांनी मऊ आवाजात विचारलं, "ताई, सही करताय ना?" मी वाकून सही केली आणि मान वर केलीच नाही, कारण माझ्या एका बाजूला एक उभी होती, दुसऱ्या बाजूला एक बसली होती, आणि दोघींपैकी एकीच्याही तोंडाकडे बघायची मला हिंमत नव्हती.