डोंबिवली ते ठाणे: सईचा प्रश्न आणि पेशीवरची अँटेना

आमच्या घरात गेली दोन वर्षं एक शब्द सगळ्यांनी मिळून गिळून ठेवला होता. ट्यूमर. माझी नात सई, वय वर्षं नऊ. तिच्या लहान मेंदूतली गाठ डॉक्टरांनी काढली, मग किरणं झाली, सलाईनमधून औषधं झाली, गेलेले केस परत आले. आता दर काही महिन्यांनी स्कॅन. पण घरात या सगळ्याचं नाव ‘ते झालं तेव्हा’ एवढंच. मुलांसमोर असलं काही बोलायचं नाही, ही आपल्याकडची जुनी शिस्त. सई स्वतः मात्र त्या गाठीच्या नावाचं, मेड्युलोब्लास्टोमाचं, स्पेलिंग घालून वर्गातल्या पोरांना हरवते आणि बदल्यात चिक्की उकळते.

महिन्याभरापूर्वी गच्चीत कपडे काढताना तिने माझ्या कानात सांगितलं, "आबा, ती गाठ माझ्यामुळे झाली. मी गेटच्या दांड्याला उलटी लटकायचे ना, तेव्हा पडलेले. हे एवढं टेंगूळ आलेलं. आईला सांगितलं नाही. मग डोकं दुखायला लागलं."

मी म्हटलं, "तसं नसतं गं बाळा."

"तू इंजेक्शन दुखत नाही असं पण सांगितलेलंस."

आईला सांगायचं नाही, असं वचन तिने माझ्याकडून घेतलं आणि वर बजावलं की ज्याचं कामच हे आहे अशा माणसालाच ती विचारणार.

तेवढ्यात आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर, सुप्रभातच्या गुलाबांखाली दबलेला एक मेसेज सापडला. ठाण्यातल्या एका कॉलेजची प्रयोगशाळा रविवारी सगळ्यांसाठी खुली, विषय ‘पेशीची अँटेना आणि मुलांच्या मेंदूतल्या गाठी’. मी कारखान्यात मशीन चालवून निवृत्त झालेला माणूस, पण सई आजारी पडल्यापासून शब्दकोश मांडीवर घेऊन जमेल तेवढं वाचलंय. म्हटलं, चला.

सून मेधा म्हणाली, "बाबा, मीपण येते. पण तिच्यासमोर कोणी भलतंसलतं बोललं तर मी उठणार." आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे कुरकुरत होते, त्या घरीच राहिल्या.

ज्यांना अशा मुलांना घेऊन जायचंय त्यांच्यासाठी सांगतो. लोकलच्या फंदात पडू नका, फोनवरून टॅक्सी बोलवा. आम्हाला जायचे सहाशेच्या आसपास पडले. रविवारी सकाळी आठच्या आत शीळफाटा ओलांडलात तर सुटलात, नाहीतर ट्रेलरच्या पाठीवरचे सगळे शेर पाठ होतात. मुंब्रा बायपासला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली खाडी, फार देखणं दिसतं, फक्त रस्त्यातले खड्डे आधी दिसतात. सईचा तोल अजून पुरता सावरलेला नाही, म्हणून तिला पुढे बसवलं आणि तोंडात आवळा सुपारी दिली.

ड्रायव्हरने विचारलं, "बेबीला गाडी लागते का?"

"नाही काका," सई म्हणाली, "माझ्या लहान मेंदूची सर्व्हिसिंग झालीय. टेस्टिंग चालू आहे."

मागे मेधाने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. ड्रायव्हरने कळव्याचा पूल उतरेपर्यंत गाडी अशी हळू चालवली की जणू काचेची भांडी नेतोय.

ठाण्यात पोचल्यावर आधी मिसळ. ठाण्याला जाऊन मिसळ न खाणं हा मला देवळात जाऊन चप्पल सांभाळत बसण्यातला प्रकार वाटतो. तर्री वेगळी मागा, पोरांना नुसती उसळ आणि पाव द्या. सईने वेटरला मानेवरचे केस बाजूला करून टाक्यांची उभी रेघ दाखवली.

"काय झालं गं पोरी?"

"चेन आहे. आतलं सामान काढायला बसवलीय."

तो बिचारा आत जाऊन फरसाणची वाटी घेऊन आला, पैसे न लावता. मेधा ताटात बघत म्हणाली, "सई, हे वाईट दिसतं."

"आई, फरसाण घे ना."

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट आहे, पण मागच्या दाराने जावं लागतं, वॉचमनला विचारा. आत एक सडपातळ मुलगी उभी होती, नाव मैत्रेयी. लहान वय, मोठा चष्मा. तिने अंधार केला आणि सूक्ष्मदर्शकातलं चित्र पडद्यावर आणलं. उंदराच्या मेंदूतल्या पेशी. काळ्यावर निळे गोळे आणि प्रत्येक गोळ्याला एकच हिरवी, इवलीशी कुसळासारखी रेघ.

"ही सिलियम," ती म्हणाली. "शरीरातल्या बहुतेक पेशींवर अशी एकच असते. तुझ्या केसाच्या जाडीपेक्षाही आखूड. बाहेरून येणारे निरोप ही पकडते. बाळाचा लहान मेंदू वाढत असताना एक निरोप येतो, त्याला हेजहॉग म्हणतात. निरोप काय, तर वाढा, आणखी पेशी तयार करा. पुरेशा झाल्या की पेशींनी थांबायचं असतं. काही गाठींमध्ये एखाद्या पेशीतला बटणासारखा भाग अडकून बसतो. बाहेर कोणी बोलावलेलं नसतं, तरी आत ‘वाढा, वाढा’ चालूच."

माझ्यातला मशीनवाला जागा झाला. म्हटलं, "मग छाटून टाका की ती अँटेना."

"आजोबा, उंदरांमध्ये करून पाहिलंय. बिघाड अँटेनाजवळ असेल तर ती काढल्यावर गाठ होत नाही. पण बिघाड आणखी आत असेल तर तीच अँटेना ब्रेक धरून बसलेली असते. काढली की गाठ उलट जोरात वाढते. काही गाठींच्या पेशींवर तर ती नसतेच. म्हणून आधी कुठली गाठ आहे ते ओळखावं लागतं. औषधापर्यंत पोचायला अजून बरंच काम आहे."

"आबा," सई म्हणाली, "तू डॉक्टर झाला नाहीस ते बरं झालं."

लोक हसले. त्या हशातच तिने हात वर केला.

"मला होता मेड्युलोब्लास्टोमा. हेजहॉगवालाच. मी गेटवरून डोक्यावर पडलेले. त्याने ते बटण अडकलं का?"

मेधा एकदम वळली. "कधी पडलीस? कुठल्या गेटवरून?"

मैत्रेयी गुडघ्यावर बसली, सईच्या उंचीला. "नाही. पडल्याने टेंगूळ येतं. बटण आतल्या आत, एका पेशीच्या दोन होताना चूक होऊन अडकतं. काही थोड्या मुलांमध्ये तशी चूक जन्मापासूनच असते. पण तू काही केल्याने ते झालं नाही."

"नक्की?"

"हे नक्की. आमचं बाकी बरंच काही नक्की नाही, पण हे आहे."

सईने मोठा श्वास सोडला आणि माझ्याकडे असं बघितलं की, बघ, असं सांगतात. मी म्हटलं, झालं, काम फत्ते, आता तलावपाळीला भेळ. पण मेधा हलेना. घरी गेल्यावर गेटचा हिशेब होणार असं मला वाटत होतं. तिने विचारलं ते वेगळंच.

"आणि पोटात असताना," तिचा आवाज अगदी खाली गेला होता, "ग्रहणात विळीवर कांदा चिरला तर?"

कोणी हसलं नाही. मैत्रेयीने चष्मा काढून पुसला. "ताई, माझी आई पण मला ग्रहणात सुरी हातात घेऊ देत नाही. पण पेशीला ग्रहण कळत नाही. तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही."

मेधा मान हलवत राहिली. सईने तिचा हात धरला. "आई, तू पण? आणि मलाच ओरडतेस."

तलावपाळीला त्या दोघी पायाने मारायच्या बोटीत बसल्या. अर्ध्या तासाचं तिकीट घ्या, अर्धा तास पुरतो. मी काठावर भेळ खात बसलो. बोट गोल गोल फिरत होती, कारण एक बाजू जोरात पॅडल मारत होती आणि दुसरी बाजू रडत होती. मग दुसऱ्या बाजूनेही मारायला सुरुवात केली.

संध्याकाळी घरी पोचलो तर वरणाला फोडणी पडत होती. सई थेट स्वयंपाकघरात. "आजी, आज सगळ्यांनी सांगितलं. आता तुझा नंबर. तुला कोणामुळे वाटतं मला ट्यूमर झाला?"

त्या ओट्यापाशी तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. आमच्या बाईंनी गॅस बंद केला. पदराने हात पुसले, कोरडे होते तरी.

"मीच सांगितलं होतं तुझ्या आईला कांदा चिरायला," त्या म्हणाल्या. "बाहेर पाहुणे बसलेले. ग्रहण लागलेलं ठाऊक होतं मला. म्हटलं, कोण बघतंय."

"आई, तुम्ही विसरला असाल असं वाटलं मला," मेधा म्हणाली.

"विसरते कसली. रोज कांदा चिरते मी."

सईने दोघींना खाली बसवलं आणि अँटेना, निरोप, अडकलेलं बटण, सगळं पहिल्यापासून सांगितलं. आमच्या बाईंना ब्रेकची भानगड पटली नाही. एकच वस्तू धावायलाही लावते आणि थांबवतेही, हे कसं, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "असेल. सासवा नसतात का तशा."

लोक विचारतील, या सहलीतून घरी काय आणलं? पुढच्या आठवड्यात सईचा स्कॅन आहे. त्यात काय येईल ते मैत्रेयीलाही सांगता येत नाही, मला तर नाहीच. पूर्वी स्कॅनच्या आधी आमच्या घरात भांडी वाजायची पण माणसं वाजायची नाहीत. या वेळी सासू आणि सून दोघीही हॉस्पिटलात यायचं म्हणतायत आणि स्कॅनच्या खोलीच्या दाराशी कोणी बसायचं यावरून दोन दिवस जुंपलेली आहे. काल दोघींनी मिळून मला बाहेर चहाच्या टपरीवर नेमून टाकलं.

सई माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आबा, या गप्प होत्या तेव्हा घर शांत होतं ना?"

मी म्हटलं, "हो."

"पण नको," ती म्हणाली, आणि भांडण नीट ऐकू यावं म्हणून दार जरा उघडून आली.