काल रात्री घरात कोण झोपलं?

आमची जीप दिसली की फौजदारीण अंगणातली बाज उचलून भिंतीला उभी करायची. बसायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. फौजदारीण हे नाव तिला आम्हीच ठेवलं होतं. देवरीच्या जंगलातल्या त्या गावात तिच्याइतकं आमच्यावर कुणी डाफरलं नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी गोंदियाहून आरोग्याच्या राष्ट्रीय पाहणीत काम करायची. घरोघर जाऊन किती मुलं झाली, किती दगावली ते विचारायचं आणि बायकांच्या बोटाला सुई टोचून रक्त तपासायचं. घरं आधीच निवडलेली असत आणि निवडलेलं घर बदलायला सक्त मनाई होती. म्हणून तिच्या शिव्या खायला पुन्हा पुन्हा जावं लागे. पाणीसुद्धा विचारत नसे मेली.

"कायले येऊन रायल्या वं? ढोरांचा डॉक्टर सुई मारते तं दवाई बी देते. तुमी नुसतं रगत पाहून जाता!"

तिच्या शेजारच्या सगुणाला दिवस गेले होते. ओठ पांढरे, अंगण ओलांडलं तरी धाप लागे. सासू म्हणे, बायांले होतेच असं. फौजदारीण आडवी आली. "आंधी इचं रगत पाह्य. मंग माझ्या घरात पाय ठेव."

सगुणाचं घर निवडीत नव्हतं. तसं सांगितलं, तर फौजदारणीनं स्वतःचंच बोट पुढे केलं. पन्नाशीपुढच्या बायकांचं रक्त आमच्या पाहणीत बसत नसे.

"म्हन्जे तुमच्यासाठी मी मेली का?" तिनं दार आपटलं.

मी भडकले. बंद दारावरच नियम ओरडून सांगितला, की आदल्या रात्री ज्या घरात जो झोपला, तो त्या घरातला धरायचा, पाहुणा असला तरी! माझ्या घरचा नियम नाही हा, दिल्लीचा कायदा आहे!

दुसऱ्या दिवशी बाज आडवी होती आणि तिच्यावर सगुणा बसली होती. मी पहिला प्रश्न विचारला, काल रात्री घरात कोण झोपलं?

"मी आन् हे. लिही."

"अरे, ये तो पड़ोस की है!" आमचे सुपरवायझर करवादले.

"झोपली का नाई, ते इचार. नियम तुमचा हाये."

सुपरवायझरनी नाव लिहायची खूण केली. रक्त तपासलं, तर मशीनवरचा आकडा असायला हवा त्याच्या निम्माही नव्हता. देवरीच्या दवाखान्यात जा, अशी चिठ्ठी आम्ही देत असू. तीच दिली. फौजदारीण जीपसमोर उभी राहिली. "चिठ्ठी नेईल का इले देवरीले?" शेवटी जीपनंच नेली. सगुणा वाचली, मुलगी झाली.

मला त्या बाईचा अजून राग येतो, आणि तितकीच तिची आठवणही येते. पुढच्या पाहणीच्या वेळी त्या रस्त्यानं जाताना मुद्दाम थांबले. बाज भिंतीला उभी होती. शेजारच्या घरातून सगुणा बाहेर आली. फौजदारीण गेल्या पावसाळ्यात वारली म्हणाली. शेवटी तीही पांढरीफटक पडली होती, चालता चालता बसायची. दवाखान्यात न्यायला कुणी आलं नाही.

मी काही बोलणार, तोच सगुणानं विचारलं, "तिले कोनाच्या घरी निजवलं अस्तं बाई, तं तुमी तिचं रगत पाह्यलं अस्तं?"